घरपट्टी, कज्जे आणि गल्लीतला उजेड

मुंबईत रस्ते झाडून घेणे, त्यासाठी घरांवर पट्टी बसवणे आणि नियम मोडणाऱ्याला दंड करणे ही सगळी कामे एके काळी एकाच मंडळीकडे होती. ब्रिटिश पार्लमेंटच्या १७९३ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन इलाखा शहरांसाठी ‘जस्टिस ऑफ द पीस’ नेमण्याची तरतूद केली. हे जे.पी. मुळात शहराची शांतता राखणारे, किरकोळ गुन्ह्यांचा निवाडा करणारे बिनपगारी दंडाधिकारी. त्याच कायद्याने त्यांच्या गळ्यात सफाई आणि रस्तेदुरुस्तीही घातली आणि खर्चासाठी घरमालकांकडून पट्टी वसूल करण्याची मुभा दिली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या जे.पीं.चे ‘कोर्ट ऑफ पेटी सेशन्स’ हेच मुंबईचे नगरमंडळ होते. नगरसेवा न्यायालयाच्या पोटी जन्मली, ही गोष्ट मुंबईच्या पुढच्या सगळ्या नगरकारभारात या ना त्या रूपाने जाणवत राहते.

जागेच्या वापराचे नियम मात्र या कोर्टाने नव्हे, लष्कराने आधी घातले. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटात, म्हणजे तटबंदीच्या आतल्या शहरात, मोठी आग लागली आणि दाट वस्तीचा बराच भाग जळून गेला. तोफांच्या माऱ्याच्या वाटेत घरे नकोत, हा हिशेब लष्कराच्या मनात आधीपासून होताच; आगीने निमित्त पुरवले. तटाबाहेर सुमारे ८०० यार्डांपर्यंतची जमीन मोकळी करण्यात आली आणि विस्थापितांना तिच्या पलीकडे वसवण्यात आले. पायधुणी, भुलेश्वर, मांडवीच्या बाजूची गर्दी या ढकलण्याने आणखी वाढली. १८६० च्या दशकात तट पाडले गेले आणि त्या पट्ट्यात मोठमोठ्या सरकारी इमारती उभ्या राहिल्या, पण सगळी जमीन बांधली गेली नाही. आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल हे त्या लष्करी मोकळ्या पट्ट्याचे उरलेले तुकडे आहेत. मुंबईकरांना क्रिकेटसाठी मिळालेली जागा कुणा नगररचनाकाराच्या दूरदृष्टीची नव्हे, तोफखान्याच्या हिशेबाची देणगी म्हणायची.

१८३४ मध्ये जे.पीं.च्या यादीत पहिल्यांदा भारतीय नावे आली. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई ही त्यांतली ठळक. व्यापारी, सावकार, गोदीवाले असे हे लोक शहरातले मोठे घरमालकही होते. म्हणजे पट्टी बसवणारे आणि भरणारे एकाच टेबलाशी बसू लागले. १८४५ मध्ये सफाईसाठी ‘बोर्ड ऑफ कॉन्झर्व्हन्सी’ आले. १८५८ मध्ये ते मोडून तीन पगारी कमिशनर नेमले गेले. तिघांच्या हाती कारभार आणि जबाबदारी कुणा एकाची नाही, अशी स्थिती झाली आणि तोही प्रयोग फसला.

मधल्या काळात शहराला पाणी मिळाले. तोवर मुंबई विहिरींवर आणि तलावांवर जगत होती, आणि १८५० च्या दशकातल्या टंचाईत गुरे शहराबाहेर हलवावी लागली होती. साष्टीतल्या मिठी नदीच्या खोऱ्यात विहार तलाव बांधला गेला आणि १८६० मध्ये त्याचे पाणी नळांनी शहरात आले. पुढे १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा. पाणी आले, पण ते वाहून नेणारी गटारे त्याच गतीने आली नाहीत. घराघरांत ओतलेले पाणी चाळींच्या मागच्या अरुंद बोळांत मुरत राहिले आणि सखल भागातली जमीन कायम ओली राहू लागली. एका खात्याचे यश दुसऱ्या खात्याच्या गळ्यात पडण्याचा हा मुंबईतला पहिला ठळक प्रसंग. शेवटचा अर्थातच नव्हे.

१८६५ च्या कायद्याने जे.पीं.ना एकत्रित कायदेशीर संस्थेचा दर्जा दिला आणि कारभार एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती सोपवला. पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. त्या वेळी अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा मुंबईत पाण्यासारखा आला होता, आणि त्याच वर्षी ते युद्ध संपून बाजार कोसळला. क्रॉफर्डने मात्र तेजीच्या भाषेतच कारभार केला. त्याने रस्ते रुंद केले, गटारे उकरली, कत्तलखाना शहरातून वांद्र्याला हलवला, दुर्गंधी पसरवणाऱ्या धंद्यांना वस्तीतून उठवले आणि त्याच्या नावाने ओळखली गेलेली मंडई उभारली. कोणता धंदा कुठे चालावा हे नगरसंस्थेने ठरवण्याची खरी सुरुवात इथून झाली. महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातले ३९४ वे कलम आजही ठरावीक धंदे आणि साठे यांना पालिकेच्या परवान्याशिवाय मनाई करते. हिशेबात मात्र क्रॉफर्ड ढिला होता. शेकडो जे.पीं.ची सभा त्याला आवर घालण्याइतकी संघटित नव्हती आणि कर्ज वाढत गेले. पुढे पुण्यात मध्य विभागाचा कमिशनर असताना १८८८ मध्ये लाचखोरीच्या आरोपांवरून त्याची चौकशी झाली आणि महाराष्ट्रात ‘क्रॉफर्ड प्रकरण’ गाजले, तो हाच गृहस्थ.

१८७१ मध्ये करदात्यांनी सभा भरवून क्रॉफर्डच्या खर्चाविरुद्ध आवाज उठवला. नवरोजी फर्दुनजी या चळवळीचे पुढारी होते. कमिशनरचे अधिकार काढून ते एखाद्या समितीला द्यावेत, असा सूर होता. नुकतेच बॅरिस्टर होऊन आलेल्या फिरोजशहा मेहता यांनी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमधल्या निबंधात उलटी बाजू मांडली. त्यांचे म्हणणे असे की दोष कमिशनरच्या अधिकारांत नाही. त्याच्यावर नजर ठेवणारी सभा कुणाला जबाबदार नाही, यात दोष आहे. कारभारी एकच आणि बळकट असावा, पण त्याला जाब विचारणारे लोकांनी निवडलेले असावेत. श्रोत्यांना हे मुळीच रुचले नाही. पण पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्याने जवळपास हाच सांगाडा पत्करला.

१८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांचे कॉर्पोरेशन आले. त्यांतले ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जे.पीं.नी आणि उरलेले १६ सरकारने नेमायचे. मत देण्याचा हक्क वर्षाला किमान ५० रुपये कर भरणाऱ्यालाच होता. म्हणजे गिरणगावातला कामगार किंवा चाळीतला भाडेकरू यांचा या निवडणुकीशी काही संबंध नव्हता. नव्या कॉर्पोरेशनची पहिली बैठक ४ सप्टेंबर १८७३ रोजी झाली. मताचा पाया मालमत्ता हाच राहिला आणि तो पुरता काढायला ७५ वर्षे लागली. १९२२ मध्ये महिन्याला दहा रुपये भाडे देणाऱ्याला मत मिळाले आणि सभासदसंख्या १०६ झाली. प्रौढ मताधिकारावरची पहिली निवडणूक १९४८ ची.

मुंबई महापालिकेचा आजचा कायदा १८८८ चा. तत्कालीन कमिशनर ऑलिव्हंट याने केलेला मसुदा कमिशनरला झुकते माप देणारा होता. कायदे मंडळात फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग या दोघांनी त्याची कलमे एकेक करून घासली. तेलंग संस्कृतचे पंडित आणि निष्णात वकील. पुढच्याच वर्षी ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. शेवटी जे बाहेर पडले त्यात कॉर्पोरेशन, स्थायी समिती आणि आयुक्त अशी तीन स्वतंत्र प्राधिकरणे होती. अंदाजपत्रक आणि धोरण सभागृहाचे, खर्चावर नजर स्थायी समितीची, अंमलबजावणी आयुक्ताची. आयुक्त नेमायचा सरकारने. पण सभागृहाने ठरावीक मोठ्या बहुमताने ठराव केला तर त्याला हटवावेच लागेल. सभासद तेव्हा ७२ होते आणि त्यासाठी ४५ मते लागत. ते पाच-अष्टमांशाचे प्रमाण कायद्यात टिकून आहे. ६१ व्या कलमात पालिकेची बंधनकारक कामे आहेत, ६३ व्यात ऐच्छिक. गटारे, पाणी, दिवे, सफाई बंधनकारक. इतर पुष्कळ गोष्टी ऐपतीप्रमाणे. पालिकेचे वकील आणि तिच्याविरुद्धचे वकील हा भेद अजून कोर्टात घोळवतात.

न्यायालयांची जागा या कायद्याने नेमकी आखून दिली. जे.पी. आता पट्टीही बसवू शकत नव्हते आणि पट्टीवरचा निवाडाही करू शकत नव्हते. घराचे करपात्र मूल्य पालिकेने फुगवले असे वाटले तर मालकाने आधी आयुक्ताकडे तक्रार करायची आणि तिथे समाधान झाले नाही तर २१७ व्या कलमाखाली लघुवाद न्यायालयात अपील करायचे. निवडणुकीचा वादही त्याच न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशाकडे. भाडे, उसनवारी आणि हातगाडीच्या नुकसानीचे दावे ऐकणाऱ्या कोर्टाकडे शहराच्या महसुलाची आणि सभागृहाच्या रचनेची किल्ली आली. १९०७ मध्ये याचा प्रत्यय आला. काही बड्या युरोपीय अधिकाऱ्यांनी आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’चा संपादक लोव्हाट फ्रेझर याने मेहतांना पाडण्यासाठी जे.पीं.च्या मतदारसंघात जुळवाजुळव केली आणि मेहता थोडक्यात हरले. प्रकरण लघुवाद न्यायालयात गेले, शेवटच्या जागेवर निवडून आलेला उमेदवार अपात्र ठरला आणि ती जागा मेहतांना मिळाली. पालिकेच्या इमारतीसमोर आज त्यांचाच पुतळा आहे.

करांची नावेही त्या काळाची साक्ष देतात. सामान्य कर आणि पाणीपट्टी यांच्या जोडीला ‘हलालखोर कर’ होता. शौचकुपांतला मैला डोक्यावर आणि गाड्यांतून वाहणाऱ्या कामगारांच्या पगारासाठी तो घेतला जाई. पुढे भूमिगत मलवाहिन्या आल्या आणि कराचे नाव बदलून मलनिःसारण कर झाले. कामगारांची जात आणि त्यांच्या वसाहतींची जागा मात्र नावाइतक्या सहज बदलली नाही. पोलिसांचा खर्च कुणी उचलायचा यावर पालिका आणि सरकार यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. १९०७ मध्ये तडजोड झाली: पोलीस सरकारकडे, प्राथमिक शिक्षण आणि वैद्यकीय मदत पालिकेकडे. पालिकेच्या शाळा आणि केईएमसारखी रुग्णालये यांचा इतक्या मोठ्या प्रमाणावर झालेला विस्तार या अदलाबदलीतून झाला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. गोव्यातून आलेले हे डॉक्टर पालिकेचे सभासदही होते. लोक भराभर शहर सोडून गेले, गिरण्या ओस पडल्या आणि सरकारचा पालिकेवरचा विश्वास उडाला. त्यातून १८९८ च्या कायद्याने ‘सिटी ऑफ बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ हे वेगळे मंडळ उभे राहिले. दाट वस्त्या फोडणे, नवे रस्ते काढणे आणि शहराच्या उत्तरेला नवी जमीन वसवणे हे त्याचे काम. पालिकेला विचारून नव्हे, तर तिला वळसा घालून ते उभे केले होते, आणि खर्चाचा वाटा मात्र तिच्याकडूनच घेतला जाई. सभागृहात यावर नेहमी कुरकुर होई, आणि ती रास्त होती. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, पुढे मोहम्मद अली रोड हे रस्ते घरे पाडून काढले गेले. मालकांना भरपाई होती. ती ठरवायला खास न्यायाधिकरण होते. पण पाडलेल्या खोल्यांतले भाडेकरू शेजारच्याच गल्लीत आणखी दाटीने राहायला गेले. काही वर्षे तरी ट्रस्टने दाटी कमी करण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी नेली.

१९०९ पासून दहा वर्षे ट्रस्टचा अध्यक्ष असलेल्या जे. पी. ऑर याने सूर बदलला. तो म्हणे, रोग रस्त्याच्या रुंदीत नाही, खोलीतल्या अंधारात आहे. त्याने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरून ठेवला. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून जमिनीपर्यंत आडव्या रेषेशी ६३.५ अंशांचा कोन करणारी तिरपी रेघ ओढली, तर तिच्या आत खोलीची खिडकी अडवणारे काही नसावे. या कोनाचे टॅन गुणोत्तर जवळपास २ येते, म्हणून व्यवहारात हिशेब सोपा होता: मोकळी जागा इमारतीच्या उंचीच्या निम्मी. चाळीस फूट उंच चाळीला वीस फूट. जुन्या शहरातल्या घरगल्ल्या तीन-चार फुटांच्या, आणि त्याही मैला काढण्यासाठी ठेवलेल्या. त्यांना हा नियम लावला असता तर अर्धी वस्ती पाडावी लागली असती. म्हणून तो मुख्यतः नव्या जागेवर, ट्रस्टच्या स्वतःच्या भूखंडांवर राबवला गेला. दादर-माटुंगा भागात, हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनीत फिरताना दोन इमारतींमध्ये जी ऐसपैस जागा दिसते, तिच्यामागे हा कोन आहे. मराठी मध्यमवर्गाने दादरला जे घर मानले, त्याच्या उजेडाचे माप एका ब्रिटिश सनदी अधिकाऱ्याने आखले होते.

१९३३ पर्यंत ट्रस्ट पालिकेत पूर्ण विलीन झाला. त्याची जमीन आजही पालिकेच्या मालमत्ता खात्याकडे आहे आणि त्याची आठवण सभागृहाच्या ‘सुधार समिती’च्या नावात. भूखंड भाडेपट्ट्याने देणे, आरक्षणे बदलणे हे विषय याच समितीसमोर येतात. त्यामुळे स्थायी समितीच्या खालोखाल हिच्या अध्यक्षपदासाठी पक्षांमध्ये रस्सीखेच असते.

नगररचनेचा देशातला पहिला कायदा मुंबई इलाख्यात १९१५ मध्ये झाला. तो एकेका योजनेपुरता होता; अख्ख्या शहराचा नकाशा त्यात नव्हता. १९४८ मध्ये पालिकेचे अभियंता ना. वि. मोडक आणि अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मायर यांनी बृहन्मुंबईच्या बृहद् आराखड्याची रूपरेषा मांडली. पुढे १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली आणि १९५४ च्या कायद्याने विकास आराखडा सक्तीचा झाला. १९६४ मध्ये तयार झालेल्या आणि १९६७ मध्ये मंजूर झालेल्या आराखड्याने निवासी, व्यापारी, औद्योगिक पट्टे पाडले, शाळा-मैदानांसाठी आरक्षणे टाकली आणि चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल तो आकडा, आणला. ऑरचा नियम खिडकीकडे पाहत होता. चटई क्षेत्र भूखंडाच्या आकड्याकडे पाहते. किती बांधायचे हे एका गुणाकारात आले की तो गुणक हीच विकाऊ वस्तू होते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने बेटावरच्या शहरासाठी १.३३ आणि उपनगरांसाठी सर्वसाधारणपणे १ हा आकडा ठेवला, आणि त्याच वेळी हस्तांतरणीय विकास हक्काची सोय केली. आरक्षित जमीन देणाऱ्याला पैशांऐवजी दुसरीकडे बांधकामाचा हक्क मिळू लागला. पालिकेच्या तिजोरीला हे स्वस्त पडले. उपनगरांतल्या रस्त्यांना आणि नळांना महाग.

आकड्याचा नियम मोडला की वाद कोर्टात जाणारच. दक्षिण मुंबईतल्या ‘प्रतिभा’ या छत्तीस मजली इमारतीने मंजुरीपेक्षा जास्त चटई क्षेत्र बांधल्याचे १९८४ मध्ये उघड झाले. वरचे आठ मजले पाडण्याचा आदेश निघाला आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. दुसऱ्या टोकाला फुटपाथवरचे लोक. १९८१ च्या पावसाळ्यात त्यांना हटवण्याची घोषणा झाली. पालिकेचा आधार होता १८८८ च्या कायद्याचे ३१४ वे कलम. त्याखाली रस्त्यावरचे अतिक्रमण नोटीस न देताही काढता येते. ऑल्गा टेलिस खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पण ते कलम घटनाबाह्य ठरवले नाही. नोटीस सहसा द्यावी आणि पावसाळा संपेपर्यंत थांबावे, इतकाच दिलासा हाती लागला. निकालाची कीर्ती आणि फुटपाथवर मिळालेला लाभ यांत इतके अंतर क्वचितच पडते.

बंद पडत गेलेल्या कापड गिरण्यांच्या जमिनीबाबत तर नियमाच्या शब्दरचनेतच सगळे होते. १९९१ च्या नियमावलीच्या ५८ व्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे: मोकळी जागा, सार्वजनिक घरे आणि मालक. २००१ मध्ये राज्य सरकारने दुरुस्ती करून हे वाटे फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरते ठेवले. गिरणीची शेड उभी होती तेवढी जागा हिशेबाबाहेर गेली. गिरणगावातल्या रिकाम्या जमिनी मुळातच थोड्या. उच्च न्यायालयाने दुरुस्तीचा संकुचित अर्थ लावला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला आणि परळ-लोअर परळमध्ये काचेचे मनोरे उठले. हा बदल सभागृहाचा नव्हता. आराखडा पालिका तयार करते, हरकती-सूचना ऐकते, मंजूर करून पाठवते. अंतिम मंजुरी आणि नंतरचे फेरफार १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने राज्य सरकारच्या हाती आहेत. २०१५ चा प्रारूप आराखडा चुकांच्या ओरडीनंतर मुख्यमंत्र्यांनीच पुन्हा करायला लावला, आणि २०३४ पर्यंतचा आराखडा व नियमावली २०१८ मध्ये सरकारी मंजुरीने लागू झाली.

या सगळ्याचा खर्च भागवणारी घरपट्टी दरम्यान गोठून बसली होती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीला बांधली, आणि कर भाड्यावर ठरत असल्याने करपात्र मूल्यही तिथेच अडकले. दक्षिण मुंबईतल्या जुन्या प्रशस्त घराला उपनगरातल्या नव्या दोन खोल्यांहून कमी पट्टी, असा उफराटा प्रकार झाला. त्यावर उपाय म्हणून २०१० पासून पालिकेने भांडवली मूल्यावर कर आकारायला सुरुवात केली. मूल्य काढण्याच्या नियमांत जमिनीवर पुढे किती बांधता येईल, म्हणजे न वापरलेले चटई क्षेत्र, तेही धरले होते. मालक उच्च न्यायालयात गेले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल उचलून धरला: मूल्य जमिनीच्या आजच्या स्थितीवर ठरवायचे, भविष्यातल्या बांधकामाच्या शक्यतेवर नाही, शिवाय हे नियम मागील तारखेपासून लावता येणार नाहीत. त्यानुसार पालिकेला जुनी बिले पुन्हा तपासणे भाग पडले.